देवबागच्या मुखाशी बंद पडलेली होडी

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर माडांत दडलेली घरं. सकाळी सात वाजता आम्ही नदीच्या बाजूने होडीत बसलो. डॉल्फिन बघायला निवतीच्या दिशेने निघायचं होतं. मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, पायाशी पेट्रोलची टाकी आणि सुकाणूवर साठीचे तांडेल काका.

भोगव्याचा किनारा समोर दिसायला लागला आणि इंजिनाचा आवाज बसला. दोनदा खोकलं आणि गप्प. ओहोटी लागलेली, पाणी आम्हाला नदीच्या मुखाकडे ओढत होतं. पुढे लाटा फुटत होत्या. काकांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी नांगर टाकला. मग विचारलं, "नळयेर कोणाचो पाय नाय मां?"

सगळ्यांनी आपापले पाय पाहिले. माझा होता! ओशाळून बाजूला घेतला, पण दोष तेवढाच नव्हता.

टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीत मध्ये एक रबरी बल्ब असतो, लिंबापेक्षा थोडा मोठा. त्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. दाबला की पेट्रोल इंजिनाकडे ढकललं जातं, सोडला की टाकीतून नवं ओढलं जातं. काकांनी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला, तो उघडा होता. बंद राहिला असता तर टाकीत हवाच गेली नसती आणि बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असता. हा चपटा नव्हता, नुसता लुळा होता. त्यावरचा बाण आभाळाकडे करून त्यांनी तो दहा-बारा वेळा दाबला.

"ह्यो घट झालो काय समजायचा, पेट्रोल पोचला."

घट्ट होईना. मला वाटलं, बल्बच गेला. काकांनी मात्र नळी इंजिनाला जोडते तिथल्या कनेक्टरवर बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकाशी धरलं. पेट्रोल! बल्ब दाबला की तिथून थेंब पाझरत होता, आणि इंजिनाचा पंप ओढायला लागला की त्याच फटीतून हवा आत जात होती. म्हणूनच चार मिनिटं चालून ते मेलं होतं.

आतली ओ-रिंग, म्हणजे फट बंद करणारी रबरी कडी, एका जागी कापली गेली होती. काकांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून दुसरी काढली, तेलाचं बोट लावून बसवली. या वेळी सातव्या दाबाला बल्ब दगडासारखा झाला. दोरी तिसऱ्यांदा ओढल्यावर इंजिन सुरू झालं. माझ्या बायकोने तोवर लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा आवळून घेतले होते.

डॉल्फिन दिसले, तीन. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाठ दिसते आणि जाते.

परतल्यावर चहा पिताना काकांनी तोच डबा उघडला. त्यात एक टाकाऊ बल्ब होता, उन्हाने भेगाळलेला. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात होडी वर ओढण्याआधी ते चालू इंजिनाचीच नळी काढतात, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जळून जातं. टाकीही रिकामी करतात, नाहीतर इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

"आणि पुतण्यान गेल्या वर्षी नवो बल्ब उलटो बसवल्यान," काका म्हणाले, "बाण टाकीकडे. अर्धो तास दोरी ओढीत होतो."

कोपऱ्यात जाळं विणणारा पुतण्या मान वर न करता म्हणाला, "पंधरा मिनटा."