तुम्ही विचारलंत म्हणून: अनुभवी माणसाला पेपर कशाला?

"पंधरा वर्षं कोड लिहिणाऱ्याला तुम्ही शाळकरी पोरासारखा पेपर सोडवायला बसवता?" हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालंय. विचारणारे काका निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे स्वरात नाराजीच होती.

आमची टीम पुणे, नेदरलँड्स आणि अमेरिकेत विखुरलेली. पूर्वी प्रोग्रॅमर नोकरीवर घेताना नुसत्या मुलाखती घ्यायचो. एकदा साताऱ्याकडची एक मुलगी आली. काय काम केलंस विचारलं, की "आम्ही केलं", "सरांनी सांगितलं तसं केलं". कॉलवरचा अमेरिकन मॅनेजर वैतागला, हिने स्वतः काय केलं ते कळतच नाही म्हणाला. मला कळत होतं. वरिष्ठांसमोर "मी केलं" म्हणणं आपल्याकडे आगाऊपणात जमा होतं. पण मी तिची बाजू घेतली असती, तर गाववालीला सांभाळतोय असंच दिसलं असतं.

शेवटी तिला दीड तासाचं काम दिलं. बिलिंगचा दोनेकशे ओळींचा कोड, त्यात आम्ही पेरलेले तीन बग, म्हणजे चुका. तिने तिन्ही काढले. शिवाय ३१ जानेवारीला सुरू झालेल्या वर्गणीचं फेब्रुवारीत काय होतं, हा आम्हालाच न दिसलेला चौथा दाखवला. मॅनेजर गप्प.

तेव्हापासून सगळ्यांनाच टेस्ट, पंधरा वर्षंवाल्यांनाही. टेस्टवर आंधळा विश्वास मात्र नाही. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या चाचणीला ०.५४ सहसंबंध (चाचणीचे गुण आणि पुढे नोकरीतलं काम किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) देऊन वर बसवलं होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या गणितातली दुरुस्ती वाजवीपेक्षा जास्त होती असं दाखवलं, चाचणी ०.३३ वर उतरली आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ घेऊन पुढे गेली. म्हणून आम्ही दोन्ही ठेवलंय, आणि मुलाखतीतही सगळ्यांना तेच प्रश्न.

खरी चूक आमच्या टेस्टमध्येच होती, आणि ती कळायला वर्ष गेलं. रक्कम राउंड कुठे करायची, बिलाच्या प्रत्येक ओळीला की एकूण बेरजेला, हे आम्ही मुद्दाम मोघम ठेवलं होतं. शंका विचारली तर गुण. डच उमेदवार बिनधास्त लिहायचे, तुमचा प्रश्न अर्धवट आहे. आपली मुलं मात्र निमूटपणे काहीतरी गृहीत धरून कोड पूर्ण करायची. आम्ही गुण कापायचो आणि वर शेरा मारायचो, "संवाद कमी". अहो, परीक्षेत मान वर केली तरी पर्यवेक्षक धावून येतो अशा वर्गांत वाढलेली पोरं ती! त्यांच्या लेखी पेपर म्हणजे पेपर, त्यात विचारायचं काय?

मग वरती एकच वाक्य घातलं: शंका विचारा, त्याचेही गुण आहेत. पुढच्याच आठवड्यात नागपूरहून मेल आला, रात्री पावणेबाराला. "सर, सॉरी, एक विचारू का?"