आईसोबत व्हिएन्नात सहा दिवस

गेल्या मे महिन्यात मी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई असे दोघेच पुण्याहून व्हिएन्नाला जाऊन आलो. राजवाडे आणि संग्रहालये यांची माहिती कोठेही मिळते. म्हणून येथे मुख्यतः त्या शहराच्या रीतीभाती लिहीत आहे, कारण त्या आधी ठाऊक असत्या तर आमचे पहिले दोन दिवस अधिक सुखाचे गेले असते.

विमानतळावरून शहरात येणाऱ्या जलदगाडीची जाहिरात आपल्याला जागोजागी दिसेल. ती 16 मिनिटांत पोहोचवते खरी, परंतु एस-7 ही साधी उपनगरी गाडी सुमारे 25 मिनिटांत शहराच्या मध्यभागातील त्याच वीन मिट्टे स्थानकावर नेते आणि तिचे भाडे पुष्कळ कमी असते. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर असल्याने केवळ शहराचा पास तेथे चालत नाही.

शहरातील भुयारी रेल्वेला ऊ-बान म्हणतात. तेथे तिकीट दाखवून उघडणारी फाटके नाहीत, ट्राममध्ये चढतानाही कोणी तिकीट विचारत नाही. प्रवाशाने ते घेतलेलेच असेल, असे धरून सारा कारभार चालतो. मात्र यंत्रातून काढलेले कागदी तिकीट निळ्या पेटीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, आणि 24 तासांच्या तिकिटाचे तासही त्या शिक्क्यापासून मोजले जातात. शिक्का नसला तर तो विनातिकीट प्रवास ठरून शंभर युरोहून अधिक दंड होतो. पहिल्या सकाळी ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एका आजींनी माझ्या हातातले कोरे तिकीट पाहिले आणि काही न बोलता दाराजवळच्या पेटीकडे बोट दाखवले. शिक्का पडल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी मान फिरवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ऊ-बानमध्ये 2019 पासून खाण्यास मनाई आहे, त्यामुळे पिशवीतला चिवडा उतरल्यावरच काढावा.

दुकानात शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणण्याची पद्धत आहे. आपल्या रामरामाप्रमाणे तोही देवाचे नाव घेऊन केलेला नमस्कार आहे. आईला तो पहिल्याच दिवशी जमला आणि त्यानंतर बेकरीतल्या बाई आमच्याशी मुद्दाम सावकाश बोलू लागल्या. काही न बोलता थेट वस्तूची किंमत विचारणे तेथे उद्धटपणाचे वाटते.

व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची संस्कृती 2011 मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली, आणि तेथे तासभर बसल्यावर त्याचे कारण आपोआप कळते. काफे सेंट्रालच्या दाराशी लांब रांग असते, म्हणून आम्ही 1880 पासून चालू असलेल्या काफे श्पेर्लमध्ये गेलो. नुसती 'कॉफी' मागू नये, प्रकाराचे नाव घ्यावे: मेलांज म्हणजे फेसाळ दुधाची, आइनश्पेनर म्हणजे काचेच्या पेल्यात वर घट्ट साय घातलेली. चकचकीत ताटलीत कॉफीचा कप, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर पालथा ठेवलेला छोटा चमचा असे सारे समोर येते. एका कपावर दुपार काढली तरी कोणी उठवत नाही, मात्र बिलही आपणहून आणत नाहीत, ते मागावे लागते. बक्षिशी टेबलावर ठेवून जाण्याची रीत नाही. पैसे देतानाच बक्षिशीसह एकूण रक्कम सांगावी. पाच ते दहा टक्के पुरेसे होतात.

त्या पेल्यातले पाणी नळाचेच असते आणि ते निःशंकपणे प्यावे. 1873 मध्ये पुरी झालेली आणि 1910 मध्ये दुसऱ्या वाहिनीची जोड मिळालेली योजना आल्प्सच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी शहरात आणते. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद विशेष लक्ष देऊन वाचावा. एका खानावळीत आम्ही बटाट्याची कोशिंबीर मागवली आणि दोन घास खाल्ल्यावर कळले की ती गोमांसाच्या रस्स्यात कालवलेली आहे. वाढप्याने फसवले नव्हते, तेथे ती पारंपरिक कृतीच आहे, परंतु आई त्या रात्री जेवली नाही आणि आपण आधी विचारले नाही याचे मला फार वाईट वाटले. सूपही बहुधा अशाच रस्स्याचे असते. म्हणून 'वेगेटारिश?' एवढेच न विचारता रस्सा कशाचा आहे हेही विचारावे. केझेश्पेत्झले म्हणजे चीज घातलेल्या जाडसर शेवया आणि आपफेलश्ट्रूडेल म्हणजे सफरचंदाचे सारण भरलेली गोड गुंडाळी यांवर आमचे छान भागले, मात्र अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी तेथेही चौकशी करावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, केवळ मोठ्या स्थानकांतील काही उघडी राहतात. दूध, पाव, फळे शनिवारीच घ्यावीत.

शेवटच्या संध्याकाळी श्टात्सऑपर या तेथील प्रसिद्ध ऑपेरागृहाची, उभे राहून प्रयोग पाहण्याची तिकिटे काढली. ती अगदी स्वस्त असतात आणि प्रयोगाच्या दिवशीच मिळतात. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल बांधायचा की ती जागा आपली झाली, मग खुशाल बाहेर फिरून यावे. आईने आपली शाल बांधली आणि आम्ही जिन्यावर जाऊन बसलो. परतलो तेव्हा उभ्याच्या जागा माणसांनी भरून गेल्या होत्या, पण शालीपुढची दोन पावलांची जागा तशीच मोकळी होती. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे प्रयोग नसतात, तेव्हा जून संपण्याच्या आत जावे.