सिल्व्हरस्टोनचा आठवडा आणि हर्णैची पडवी

फॉर्म्युला वन मोटार शर्यतीच्या आठवड्यात इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोन सर्किटपासून दूर पळणारे लोक जवळच्या ब्रॅकली गावात पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या बाई दर जुलैत बहिणीकडे जातात आणि सोमवारी दुपारनंतरच परततात. यंदा मीही पळालो, पण माझं कारण वेगळं. शाळा-बिळा बघून रजा मिळाली ती नेमकी याच दिवसांत, आणि वर्षातून एकदाच घरी यायचं तर यायलाच हवं. त्यामुळे सर्किटपासून गाडीने पंधरा मिनिटांवर राहणारा माणूस यंदाची ब्रिटिश ग्रां प्री कोकणात हर्णैला, पडवीत, पावसाच्या आवाजात बघणार आहे. रविवारी ६ जुलै २०२५ ला, आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसातला. त्याच दिवशी आषाढी एकादशी. घरात दोन्हींची तयारी चालू आहे आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही.

इथे आल्यापासून सगळे एकच विचारतात: तिकडे या दिवसांत नक्की काय असतं? म्हणून हे लिहायला बसलो.

तिकडे शर्यत रविवारी असली तरी आठवडा बुधवारीच सुरू होतो. सर्किटच्या आजूबाजूचे शेतकरी गवत कापून कुरणं मोकळी करतात आणि ती तंबूंसाठी भाड्याने देतात. बुधवार-गुरुवारपासून व्हॅन, तंबू, कॅरावॅन यांची रीघ लागते. ए-४३ हा आमचा रोजचा कामाला जायचा रस्ता. या चार दिवसांत त्यावर पिवळ्या पाट्या लागतात, काही वाटा एकदिशा होतात, आणि सुपरमार्केटात बर्फाच्या पिशव्या आणि सॉसेज संपतात. माणसं बघण्यासारखी असतात. साठीच्या पुढचं एक जोडपं दरवर्षी घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन येतं आणि सराव सत्राच्या तीन तास आधी कुंपणापाशी जागा धरतं. तिकिटाला शेकडो पौंड मोजलेले असतात, आणि गाडी समोरून जाते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्याचा. ती बघण्यात ही माणसं अगदी तरबेज आहेत. एखादं घर ओळखीचं निघालं तर चहासुद्धा मिळतो, पण बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं: पाऊस पडेल का?

आणि ही भीती उगाच नाही. सिल्व्हरस्टोन मुळात विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बाँबफेक्या विमानांसाठी बांधलेला. युद्ध संपल्यावर धावपट्ट्या रिकाम्या पडल्या, त्यांच्या कडेच्या रस्त्यांवरून मोटारी पळायला लागल्या, १९४८ साली तिथे ग्रां प्री झाली आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची अगदी पहिली शर्यत तिथेच. राजा सहावा जॉर्ज बघायला आला होता. अल्फा रोमिओमधून जुझेप्पे फारिना जिंकला. आजही सर्वांत लांब सरळ पट्ट्यांपैकी एकीचं नाव हँगर स्ट्रेट आहे. विमानतळ म्हणजे सपाट माळ, आडोसा नाही, आणि आजूबाजूला इंग्लंडातली चिकणमाती. २००० साली कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, शर्यत एप्रिलमध्ये, ईस्टरला घेतली. इतका चिखल झाला की गाड्या लावायच्या कुरणांत गाड्याच रुतल्या, वाहनतळ बंद करावे लागले. २०१२ ला तर जुलैतसुद्धा तीच गत. सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीच्या शनिवारसाठी आयोजकांना तिकीट काढलेल्या लोकांना सांगावं लागलं की कृपा करून गाडी घेऊन येऊ नका.

हे मी परवा पडवीत सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या ब्रॅकलीकडे सहाशे-सातशे. "एवढ्यावर तुमच्या गाड्या रुततात?" हा प्रश्न विचारणारे गृहस्थ बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता ही मंडळी कोण, ते सांगतो. पावसाळ्यातली मासेमारी बंदी चालू आहे. बोटी शाकारून आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर किनाऱ्यावर चढवलेल्या, बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव थंड, जाळी शिवण्याचं काम दिवसा. म्हणजे संध्याकाळी तांडेल (बोटीचे कप्तान), खलाशी, मिस्त्री सगळे मोकळे. एरवी शनिवार-रविवार समुद्रावर असणारी माणसं जून-जुलैत घरी सापडतात, म्हणून कॅनडा, ऑस्ट्रिया, सिल्व्हरस्टोन या शर्यती आमच्या पडवीत भरगच्च होतात आणि ऑगस्टनंतरच्या नाहीत. माझा चुलतभाऊ या टोळीचा म्होरक्या. त्याच्याकडे शर्यती दाखवणाऱ्या फॅनकोड ॲपचा पास, मोठा टीव्ही आणि लाईट गेली तर पंखा आधी बंद करायचा की दिवा, याचं कोष्टक. याच दिवसांत वाड्यावाड्यांत चिखलातल्या नांगरणी स्पर्धा असतात, गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा, आणि सेकंदांवर निकाल. एक खलाशी तिकडूनच थेट येतो, पायाला चिखल तसाच. त्याचं म्हणणं असं की घड्याळाशी शर्यत म्हणजे काय हे आम्हाला पात्रता फेरी बघून कळलेलं नाही, आधीपासून माहीत आहे. मला ते पटतं.

या गावात फॉर्म्युला वन आलं ते फोर्स इंडियामुळे. २००७ साली विजय मल्ल्याने संघ घेतला, २००८ पासून तो देशाच्या नावाने उतरवला, आणि हर्णैतल्या पोरांना अचानक एक बाजू मिळाली. २००९ ला बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर या संघाच्या फिसिकेलाने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि दुसरा आला, ती शर्यत इथे लोकांना तोंडपाठ आहे. तो तिरंगी संघ राहत होता कुठे, तर सिल्व्हरस्टोन सर्किटच्या दारासमोर. तिकडे गेल्यावर मी सगळ्यांत आधी तो कारखाना बघायला गेलो होतो. कुंपणाबाहेरून, अर्थात. २०१८ मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला, कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने घेतला, आणि आता तिथे ॲस्टन मार्टिनची चकाचक नवी इमारत आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या, पुढे कराच्या भांडणात सगळं बारगळलं. इथून एकजण त्यातल्या एका वेळी रेल्वेने दिल्लीला गेला होता. तो अजूनही बोलायला लागला की बाकीचे गप्प बसतात, कारण प्रत्यक्ष आवाज ऐकलेला पडवीत तो एकटाच. ती आठ सिलिंडरची व्ही-८ इंजिनं मिनिटाला १८ हजार फेऱ्यांपर्यंत जायची. मिस्त्रींच्या बोटीची डिझेल इंजिनं दोन हजाराच्या आसपास. "अठरा हजारला माझं इंजिन शर्यतीत नाही, स्वर्गात जाईल," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पिस्टनच्या धावेवर, म्हणजे स्ट्रोकवर बोलत राहिले. आखूड स्ट्रोक, हलका पिस्टन, म्हणून जमतं, हे त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता काढलं.

खरं सांगायचं तर माझी पंचाईत इथेच होते. ब्रॅकलीत मर्सिडीजचा कारखाना आहे, मिल्टन कीन्समध्ये रेड बुल, तिथला निम्मा परिसर या धंद्यावर जगतो, आणि तरी माझ्या ऑफिसात शर्यतीबद्दल बोलणं म्हणजे "ट्रॅफिक कसं असेल?" एवढंच. नवरा-बायकोपैकी एकजण संघात कामाला असला तरी दुसऱ्याला टायरचे रंग माहीत नसतात. इथे मला प्रश्न येतात ते असे, की रात्री पडल्यापडल्या उत्तरं शोधावी लागतात.

उदाहरणार्थ पावसाचे टायर. हिरव्या पट्ट्याचे इंटरमिजिएट, म्हणजे हलक्या पावसाचे, निळ्या पट्ट्याचे पूर्ण पावसाचे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने निळा टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकू शकतो, हिरवा ३० लिटर, असं टायर पुरवणारी पिरेली सांगते. मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तांडेल म्हणाले, "फेकतो ते जातं कुठे?" मुद्द्यावर बोट. ते जातं मागच्या गाडीच्या तोंडावर. धुरासारखा फवारा उठतो, मागच्याला काही दिसत नाही, म्हणून निळे टायर खरोखर लागतील इतका पाऊस झाला की शर्यतच थांबवतात. २०२१ ला स्पामध्ये लोक तासन्‌तास भिजत बसले, वेग आवरणाऱ्या सेफ्टी कारमागे दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण वाटून सगळे घरी. मग निळे टायर ठेवता कशाला, हा पुढचा प्रश्न. तो खुद्द ड्रायव्हरही विचारतात, एवढंच मी म्हणालो.

तांडेलांचा खरा रस वाऱ्यात आहे. फोनवर वाऱ्याचा नकाशा दाखवणारं ॲप त्यांच्याकडे असतंच, बंदी असली तरी सवय सुटत नाही. मी आल्यापासून त्यांनी त्यावर सिल्व्हरस्टोन लावून ठेवलंय. रोज सकाळी मला निरोप: आज नैऋत्य, उद्या पश्चिम. आणि हे गंमत म्हणून नाही. सपाट माळावर वारा अंगावर येतो. कॉप्स, मॅगॉट्स, बेकेट्स ही वळणं गाड्या प्रचंड वेगात घेतात, समोरून वारा असला तर गाडीला जमिनीकडे दाबणाऱ्या पंखांना जास्त जोर मिळतो, पाठीमागून आला की तोच जोर अचानक कमी होतो आणि गाडी सरकते. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी बिघडल्यासारखी वागते ती पुष्कळदा वारा फिरल्यामुळे. टीव्हीवरचे समालोचक हे सांगतात, पण उशिरा. आमच्याकडे हवामान खातं पडवीतच बसलेलं आहे.

गेल्या वर्षीची शर्यत याच सगळ्यात फिरली. सरी येत-जात होत्या, आधी हिरव्या टायरवर यायचं, मग पुन्हा कोरड्यावर. मॅकलारेनचा नॉरिस पुढे होता आणि टायर बदलायच्या शेवटच्या थांब्याला एक फेरी उशिरा आला, टायरही मऊ निवडले. हॅमिल्टन, तेव्हा मर्सिडीजचा, निघून गेला. घरच्या शर्यतीतला त्याचा नववा विजय. एकाच सर्किटवर एवढे विजय दुसऱ्या कुणाचेच नाहीत. २०१४ ते २०२४ ब्रिटिश ग्रां प्रीत तो पहिल्या तिघांतून खाली उतरलाच नाही. यंदा तो फेरारीच्या लाल कपड्यांत येतोय, आणि फेरारीचा अजिंक्यपद शर्यतीतला पहिलावहिला विजयही १९५१ साली याच सिल्व्हरस्टोनवर, गोन्झालेसने मिळवलेला. हे कळल्यापासून माझ्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही. चीनमधली स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी शर्यत, सोडली तर हॅमिल्टनने यंदा काहीही जिंकलेलं नाही, एकदाही मुख्य शर्यतीत पहिल्या तिघांत नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही.

बाकीच्यांचं भांडण मॅकलारेनच्या दोन ड्रायव्हरांवरून. अकरा शर्यती झाल्या, पियास्त्री २१६ गुणांवर, नॉरिस २०१ वर. गाडी एकच, मालक एकच. कॅनडात नॉरिस मागून जाऊन पियास्त्रीवर आपटला, स्वतःच बाहेर पडला आणि लगेच चूक कबूल केली. ऑस्ट्रियात गेल्या रविवारी त्यानेच जिंकून उत्तर दिलं. त्याच शर्यतीत रेड बुलच्या वर्स्टापेनला पहिल्याच फेरीत मर्सिडीजच्या अँटोनेलीने उडवला, त्यामुळे तो आता १५५ वर, बराच मागे. नॉरिसच्या चाहत्यांसाठी सिल्व्हरस्टोनला स्टो वळणापाशी खास स्टँड उभारलाय, दहा हजार माणसांचा. मला ते बरं वाटत नाही. घरच्या माणसांचं एवढं प्रेम डोक्यावर घेऊन गाडी चालवायची म्हणजे अवघड, आणि नॉरिस मनाला लावून घेणारा गडी आहे. पियास्त्री शर्यत जिंकून उतरला तरी बस पकडायला निघाल्यासारखा दिसतो. माझा कौल त्याला.

वेळापत्रक पाहिजे त्यांच्यासाठी: शुक्रवारी पहिला सराव आपल्या वेळेने संध्याकाळी पाचला, दुसरा रात्री साडेआठला. शनिवारी चारला तिसरा सराव आणि साडेसातला पात्रता फेरी. शुक्रवारचे सराव बघायला फक्त मिस्त्री आणि मी असू. बाकीच्यांना ते वाया गेलेले तास वाटतात. मिस्त्रींना मात्र तेच आवडतात, कारण लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत कोणाचे टायर किती टिकतात हे तिथेच दिसतं. रविवारी आत्याने एकच अट घातली आहे. देवळातली आरती सव्वासातला आटपेल, त्याआधी टीव्ही लावायचा नाही, आणि आरतीला सगळ्यांनी यायचं, फेरारीवाल्यांनी तर नक्कीच. लाईटचा भरवसा नाही म्हणून भावाने मोबाईल हॉटस्पॉट आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा स्क्रीन असा राखीव संघही तयार ठेवलाय.

पैज पैशांची नाही. बंदी उठून पहिली बोट परत आली की हरणाऱ्यांनी मिळून सुरमई द्यायची, आणि तीही बारकी चालणार नाही. भाऊ हॅमिल्टनवर, तांडेल आणि नांगरणीवाला खलाशी नॉरिसवर, मी पियास्त्रीवर. मिस्त्री म्हणतात, कोरडं राहिलं तर तुमच्यापैकी कुणीही घ्या, पण पाऊस आला तर वर्स्टापेन. आणि सुरमईच्या कुठल्या तुकड्या तळायच्या नि कुठल्या आमटीत टाकायच्या, ते त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.