पट्टीच्या कडेला लागलेले रस्ते

नकाशावर पारदर्शक पट्टी ठेवून पाहण्याची मला फार जुनी खोड आहे. कुठे जायचे नसते की अंतर मोजायचे नसते. एखादा महामार्ग बराच वेळ सरळ धावताना दिसला की पट्टीची कड त्याला लावायची आणि तो जिथे वळतो तिथे आपण न वळता पुढे पाहत राहायचे, एवढाच उद्योग. नकाशासंग्रहाच्या जागी संगणकाचा पडदा आला तरी ती पट्टी सुटलेली नाही; पडद्यावर तिचे ओरखडे उमटतात, ते मी निमूटपणे पुसतो. बहुतेक वेळा पट्टी डोंगर, सरोवरे आणि मोकळी जागा ओलांडून नकाशाच्या काठावर संपते. पण अधूनमधून शेकडो किलोमीटर पुढचा, पहिल्याशी कुठेही गाठ न पडणारा एखादा रस्ता नेमका त्याच कडेला येऊन लागतो आणि मधला तुकडा कोणीतरी खोडरबराने पुसून टाकला असावा असे वाटते.

अशा वेळी पहिला संशय येतो तो हे कोणी मुद्दाम केले असावे का, असा. आणि तो नेहमीच खुळचट नसतो. इंग्लंडमध्ये रोमनांनी बांधलेला स्टेन स्ट्रीट हा रस्ता लंडनहून चिचेस्टरला जात असे. त्याचा लंडन ब्रिजपासूनचा पहिला टप्पा चिचेस्टरच्या पूर्व वेशीच्या रोखाने आखलेला आहे, आणि टेकड्यांची रांग जवळ येऊ लागल्यावर रस्ता ती रेष सोडून सोयीची वाट धरतो. मधले काही ठाऊक नसलेल्या माणसाने त्या पहिल्या टप्प्याला पट्टी लावली, तर सुमारे ९० किलोमीटरवरची ती वेस पाहून तो थक्कच होईल. त्यात योगायोगाचा अंश नाही, तो मोजणीदारांचा हिशेब आहे.

अमेरिकेत तर या हिशेबाने अर्धा देश व्यापला आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार तिथली सरकारी जमीन सहा मैल बाजूच्या चौकोनांत आणि त्यांच्या पोटात एक मैल बाजूच्या चौकोनांत मोजली जाऊ लागली. मोजणीची साखळी ६६ फुटांची असे आणि अशा ८० साखळ्या टाकल्या की एक मैल भरत असे. मैदानी प्रदेशातले असंख्य रस्ते या चौकोनांच्या कडांवरूनच गेले, त्यामुळे तिथे एकमेकांपासून दूर असलेले दोन रस्ते एका रेषेत सापडले तर नवल वाटायला नको. ते एकाच वहीतल्या छापील रेघा आहेत. मला खरी मौज वाटते ती या वहीच्या चुकण्याची. रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून पंचेचाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास सहा मैल रुंदीचा पट्टा २४ मैल उत्तरेला जाईपर्यंत जवळजवळ ६० मीटरने अरुंद होतो. ही तूट साचू नये म्हणून मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर नव्या आधाररेषा आखल्या आणि तिथून पुन्हा पुरे सहा मैल मोजायला घेतले. परिणामी तासभर सरळ चाललेला रस्ता मोकळ्या शेतात, वाटेत ना ओढा ना घर असताना, एकाएकी उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो आणि पुन्हा उत्तरेला तोंड करून चालू लागतो. त्या वळणावर मोटारीचे चक्र फिरवणारा माणूस पृथ्वीच्या गोलाईपायीच ते फिरवत असतो.

कारण सापडले नाही म्हणून लगेच गूढ मानावे, असेही मात्र नाही. १९२१ मध्ये आल्फ्रेड वॉटकिन्स या इंग्रज गृहस्थांना हेरफर्डशायरमधल्या जुन्या जागा सरळ रेषांत ओवलेल्या दिसल्या आणि त्या रेषा म्हणजे प्राचीन वाटाच आहेत असा त्यांचा ग्रह झाला. माणूस प्रामाणिक होता, पण गणिताने त्यांना दगा दिला. नकाशावर रस्त्यांचे शंभर सरळ तुकडे आडवेतिडवे विखुरलेले असतील, तर त्यांच्या ४,९५० जोड्या होतात. त्यांपैकी पंचावन्नच्या आसपास जोड्यांची दिशा, कोणी काहीही न ठरवता, एका अंशाच्या फरकात जुळते. त्यातल्या एखाददुसऱ्या जोडीने पट्टीची कडही गाठावी, हे अगदीच स्वाभाविक आहे. शिवाय नकाशा स्वतःच या कामी मदत करतो. एकास दहा लाख प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीने काढलेला रस्ता जमिनीच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर रुंद असतो, आणि एवढ्या ऐसपैस रेघांना जुळून यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

हे सगळे जाणूनही माझी एक आवडती जोडी आहे. अमेरिकेच्या इंटरस्टेट ८० या महामार्गाचा नेब्रास्का राज्यातला लिंकन ते ग्रँड आयलंड हा टप्पा सुमारे ११५ किलोमीटर सरळ पूर्व-पश्चिम धावतो. तिथून हजाराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, युटा राज्यातल्या मिठाच्या मैदानावर, याच महामार्गाचा दुसरा लांबलचक सरळ तुकडा आहे आणि दोहोंच्या अक्षांशांत एक दशांश अंशाहूनही कमी फरक आहे. महामार्ग एकच असल्यावर योगायोग कसला, असे कोणी म्हणेल. पण मधल्या वाटेत हा रस्ता उत्तरेला वायोमिंगच्या उंच पठारावर चढतो आणि त्या रेषेशी कसलाही संबंध ठेवत नाही. एक तुकडा सरळ आहे तो प्लॅट नदीच्या परिसरातल्या सपाट शेतजमिनीमुळे, दुसरा सरळ आहे तो प्राचीन सरोवराच्या आटलेल्या तळावर वळण्याचे काहीच कारण नसल्यामुळे. नदीला सरोवराची खबर नव्हती.

या जोडीवर मी काही दिवस खूश होतो, आणि मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, पृथ्वीगोल खाली काढला. पडद्यावरचा नकाशा मर्केटर यांच्या १५६९ च्या पद्धतीला धरून असतो, त्यात अक्षवृत्ते सरळ आडवी दिसतात. गोलावर मात्र विषुववृत्त सोडले तर एकही अक्षवृत्त सरळ नाही. युटातल्या त्या जागेवर बोट दाबून मी रेखावृत्ताला काटकोन करून पूर्वेकडे दोरा ताणला. तो हळूहळू दक्षिणेला कलंडत गेला आणि ग्रँड आयलंडच्या रेखांशावर पोहोचेपर्यंत नेब्रास्काची हद्द सोडून कॅन्ससमध्ये उतरला. जमिनीवर शंभर किलोमीटरच्या आसपास, माझ्या गोलावर जेमतेम अडीच मिलिमीटर. पृथ्वीगोल मी परत कपाटावर ठेवून दिला आहे, आणि पट्टी संगणकाशेजारी, हाताला येईल अशी.