गॅमा जवळजवळ कोरा

'एम बँड आहे की नाही, तेवढं सांगा.' सीरम इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिनं जेलवर वेगवेगळी करणाऱ्या तपासणीबद्दल, फोन आला की बहुतेक डॉक्टरांना एवढंच हवं असतं. एम बँड म्हणजे एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचा धारदार पट्टा, मायलोमाची (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची) नेहमीची खूण. त्या दिवशी खरं उत्तर 'नाही' होतं. तेवढंच लिहून रिपोर्ट सोडला असता, तरी मला कुणी जाब विचारला नसता.

फॉर्मवर होतं: साठी ओलांडलेला पेशंट, पाठदुखी, हिमोग्लोबिन 8.9, क्रिएटिनिन 3.2. सॅम्पल आलं हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमध्ये. परत पाठवलं, कलेक्शनवाले नेहमीसारखे वैतागले. पण न गोठलेल्या रक्ताच्या द्रवात, प्लाझ्मात, फायब्रिनोजेन हे गुठळी करणारं प्रथिन तसंच राहतं आणि जेलवरच्या बीटा आणि गॅमा या भागांच्या मधोमध इतका रेखीव पट्टा उमटवतं, की नवखा माणूस त्यालाच एम बँड म्हणून मोकळा होतो.

साध्या ट्यूबमधलं सीरम आल्यावर जेल चालवलं, रंगवलं, धुतलं. अल्ब्युमिन ठसठशीत, अल्फा-2 किंचित भरलेला, बीटा ठीक. आणि गॅमा, जिथे बहुतेक अँटिबॉडी (इम्युनोग्लोब्युलिन) असतात? शेजारच्या लेनमध्ये कंट्रोलचा गॅमा नेहमीसारखा धूसर पसरलेला, इथे मात्र खालचं जेलच दिसत होतं. पट्ट्यांची दाटी मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरने 0.3 ग्रॅम दाखवलं. आमची खालची मर्यादा 0.7. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे छापलं, 'एम बँड आढळला नाही.'

मायलोमाच्या साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांत पेशी पूर्ण इम्युनोग्लोब्युलिन बनवतच नाहीत, नुसत्या लाइट चेन, म्हणजे त्याचे छोटे भाग, बनवतात. त्या लहान, मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतात. सीरममध्ये पट्टा दिसेलच असं नाही, आणि नेहमीचे इम्युनोग्लोब्युलिन मात्र दबलेले असतात. म्हणून तिथला रितेपणाच मला खटकला.

वॉर्डात फोन लावला. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, लघवीत प्रोटीन फक्त ट्रेस आहे."

"स्ट्रिपवर ना? स्ट्रिपला अल्ब्युमिन कळतं, लाइट चेन जवळपास कळतच नाहीत. लघवी पाठव."

बिचारा लगेच पाठवता झाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लाइट चेनसकट प्रथिनं साकळवणाऱ्या सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब पडताच नळी पांढरीफटक. पट्टा कोणत्या प्रथिनाचा ते ओळखणाऱ्या इम्युनोफिक्सेशनला लॅम्डाच्या (लाइट चेनच्या दोन प्रकारांपैकी एक) लेनमध्ये काळाकुट्ट, धारदार पट्टा. जी, ए, एम या पूर्ण इम्युनोग्लोब्युलिनच्या लेन रिकाम्या. डी आणि ई वेगळे लावले, तेही रिकामे. लघवीतलं हे प्रथिन हेन्री बेन्स जोन्स यांनी 1840च्या दशकात तपासलं होतं, तरी आजही मायलोमाची शंका असताना नुसतं सीरम इलेक्ट्रोफोरेसिस मागवून मोकळे होणारे डॉक्टर आहेत. सोबत रक्तातल्या सुट्या (फ्री) लाइट चेनची तपासणी मागवायला फॉर्मवर आणखी एक टिक लागते, बस.

रिपोर्टच्या कमेंटमध्ये मी सविस्तर लिहिलं होतं: गॅमा लक्षणीय कमी, लाइट चेन आजाराची शक्यता, लघवीचं इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन करावे. दुसऱ्या दिवशी कळलं, वॉर्डाच्या स्क्रीनवर ती कमेंट दिसतच नाही. तिथे फक्त आकडे जातात आणि सॉफ्टवेअरची ती एक ओळ. तक्रार केली, तर उत्तर आलं की कमेंटचा रकाना 'ऐच्छिक' आहे. आता गॅमा असा दिसला की मी आधी फोन उचलते. माझी सुट्टी असते त्या दिवशी कोण उचलतं, ते विचारायचं राहिलंय.