एप्रिलचं पाणी, सप्टेंबरचं जव

मेच्या सुरुवातीला लडाखमध्ये लेहहून फ्यांग गावाकडे निघालो. वरचे डोंगर पांढरेशुभ्र, खाली पाटात मात्र बोटभर पाणी. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या या मुलखात वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिमी. जव पिकतं ते वितळलेल्या बर्फावर. हिमनद्यांचं पाणी खऱ्या अर्थानं उतरतं जूनमध्ये, आणि पेरणीला ते एप्रिल-मेमध्येच हवं. सगळं अडतं ते इथे.

इथे आधी शेत भिजवतात, वापसा आला, म्हणजे ओल नांगरणीजोगी झाली, की नांगरून पेरतात. हे पहिलं पाणी लांबलं की पेरणी लांबते, दाणा चिकात असतानाच सप्टेंबरची थंडी गाठते आणि पीक पोचट राहतं. पेरणी वेळेवर झाली पण पाण्याची पुढची पाळी चुकली, तर उगवणीनंतर तीनेक आठवड्यांत फुटवे कमी निघतात, म्हणजे ओंब्याच कमी. मग जूनमध्ये पाट तुडुंब वाहिला तरी तो तोटा भरून निघत नाही.

जुना उपाय झिंग, म्हणजे गावाच्या वरचं छोटं तळं. रात्रभर साठलेलं पाणी सकाळी सोडतात, आणि कोणाच्या शेताला कधी, हे चुरपोन, म्हणजे गावाचं पाणीवाटप पाहणारा माणूस, ठरवतो. त्यापुढची पायरी लडाखचे अभियंते चेवांग नोरफेल यांची. १९८७ पासून त्यांनी नाल्यांवर दगडी बांध घालून पाणी संथ केलं, ते थराथरानं गोठवलं. मूळ हिमनदीपेक्षा हा बर्फ खाली असल्यानं आधी वितळतो.

फ्यांगला २०१४-१५ च्या हिवाळ्यापासून लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांच्या पुढाकारानं बर्फाचे स्तूप उभे राहिले. उंचावरून आणलेलं पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या दाबानं कारंज्यासारखं उडतं आणि हिवाळ्यातल्या रात्री गोठतं. शंकूच्या आकारामुळे बर्फाच्या मानानं उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो, म्हणून स्तूप हळूहळू वितळतो. पाइपचं वरचं तोंड स्तूपाच्या शेंड्यापेक्षा बरंच उंच लागतं, कारण घर्षणात दाब जातो. सर्वांत मोठा धोका प्रवाह थांबण्याचा: उघड्या पाइपात पाणी उभं राहिलं की गोठतं, फुगतं, पाइप फुटतो. म्हणून पाइप खोल पुरतात. धार फार मोठी असली तर पाणी गोठण्याआधीच ओघळून जातं.

हिशेब करून पाहिला. २० मीटर उंच, तळाशी २० मीटर रुंद स्तूपातून साधारण १९ लाख लिटर पाणी मिळेल. हेक्टरी ५० मिमीच्या एका पाळीला ५ लाख लिटर लागतं; म्हणजे पावणेचार हेक्टरांची एक पाळी, तीही वाटेत काहीच मुरलं नाही तर. रेताड जमिनीतल्या कच्च्या पाटात पुष्कळ मुरतं. त्यामुळे हे पाणी पेरणीआधीच्या भिजवणीलाच राखावं, असं मला ठामपणे वाटतं.