वहीतले लाल दिवस

उत्तरायण होऊन चारच दिवस झाले होते. मांजाने कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधलेली माणसं अजून बडोद्यात दिसत होती. दांडिया बाजारातल्या एक काकू मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि एकदम रडायलाच लागल्या. मुलगी मात्र शांत होती. वय छत्तीस, उंची 160 सेंटिमीटर, वजन 43 किलो. दीड वर्षापूर्वी तेच 56 होतं.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोनच शब्द लिहिले होते: 'लाइम, डाएट'. एकवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, असल्या चिठ्ठ्या ढिगाने पाहिल्या. पेशंटचं नेमकं काय बिनसलंय ते उमगलं नाही की आमच्याकडे पाठवून द्यायचं. याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

ती नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत कनेक्टिकटला राहत होती. तिथल्या रानातून फिरून आल्यावर मांडीवर गोल लाल चट्टा उठला. गोचीड चावल्याचं तिला कळलंही नव्हतं. हा लाइम रोग पसरवणारी पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, दिसणार कुठून? तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं, चट्टा गेला. थकवा, सांधेदुखी आणि डोक्यातलं धुकं मात्र राहिलं. उपचारानंतरही शंभरातल्या पाच-दहा जणांना असा त्रास उरतो. जंतू शिल्लक असल्याचं तपासणीत दिसत नाही, आणखी अँटिबायोटिक देऊनही फायदा होत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढं सांगून तिथल्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. पुढे काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही. मग ते सांगणारी एक ऑनलाइन कोच तिला भेटली.

काकूंनी हळूच विचारलं, "ताई, लाइम म्हणजे लिंबूच ना? म्हणून मी घरात लिंबू आणायचंच बंद केलं."

मी सांगितलं की लाइम हे कनेक्टिकटमधल्या एका गावाचं नाव आहे. 1975 च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकदम सुजायला लागले, त्यावरून रोगाला ते नाव पडलं. जंतू सापडला 1981-82 मध्ये, विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला. लिंबाचा काही संबंध नाही, काकू.

कोचची यादी चार पानी होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली. गहू, दूध, दही, साखर, गूळ, डाळी, टोमॅटो, बटाटा, वांगं, आंबवलेलं सगळं, फळं, खजूर, मेथी, पालक, सगळं बंद. उरलं काय? दुधी, काकडी, नारळ, किन्वा आणि बदाम. बदाम पिशवीतून मोजून आणले होते, अकरा. आणि बाई शाकाहारी, म्हणजे अंडंसुद्धा नाही.

रिकॉल, म्हणजे दिवसभराच्या खाण्याची उजळणी, घेताना 'काय खाल्लं' असं मी कधी विचारत नाही. लोक मग जे खायला हवं होतं ते सांगतात. 'उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं' इथून सुरू करते. ड्रॉवरमध्ये तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या ठेवल्यात. त्या पुढे मांडायच्या आणि 'यातली कुठली?' म्हणायचं. तिने सगळ्यात छोटी उचलली. 'काठोकाठ की खाली?' 'खाली.' हिशेब साडेसातशे कॅलरीवर थांबला.

मग तिने वही काढली. बरा दिवस हिरव्या पेनाने, वाईट लाल पेनाने, रोजचं खाणं शेजारी. चौऱ्याऐंशी दिवसांत एकतीस लाल. "लाल म्हणजे त्या दिवशी जंतू मरतायत, त्याचं विष अंगात सुटतंय," ती म्हणाली. कोचने असंच शिकवलं होतं. उपचार सुरू होताना ताप-थंडी भरून येते हे खरं आहे, पण ते अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवशी. दीड वर्षाने दुधी खाऊन नाही. शिवाय बरं वाटलं तर आहाराचा गुण, वाईट वाटलं तरी आहाराचाच गुण. मग हा आहार चुकतोय हे माणसाला कळायचं तरी कसं?

बाहेर सात जण खोळंबले होते. तरी मी पेन्सिल घेतली आणि त्या एकतीस दिवसांच्या आदल्या दिवसांचा हिशेब पानाच्या कडेला मांडला. सहाशे, सहाशे चाळीस, साडेपाचशे, एक दिवस फक्त नारळपाणी. एकतीसपैकी सव्वीस वेळा आदल्या दिवशी ती जवळजवळ उपाशी होती. वही तिच्याकडे फिरवली. तिने एकेक आकडा बोट ठेवून वाचला आणि बराच वेळ बोलली नाही.

मग हळूहळू प्रश्न आले. साखर खाल्ली की जंतू पोसतात ना? मी म्हटलं, तू जेवली नाहीस तरी तुझं यकृत साखर बनवून रक्तात सोडतंच, नाहीतर तू इथवर चालत आली नसतीस. फळ सोडून जंतू उपाशी मरत नाही, तू मरशील. लोहानेही जंतू पोसतात म्हणून खजूर, मेथी, पालक बंद, याचं तर मला वाईटच वाटलं. या जंतूची खासियतच ही की त्याला लोह लागत नाही, तो मँगनीजवर भागवतो. 2000 पासून हे माहीत आहे. ज्याच्याकडे तो ढुंकून पाहत नाही, ते हिच्या ताटातून काढून घेतलं होतं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं. बी-12 132, तेही कमीच. पायांतल्या ज्या मुंग्यांना ती लाइम समजत होती, त्या बऱ्याचशा दूध-दही सोडल्याच्या होत्या.

दूध का सोडलं, तेही सापडलं. गोळ्या चालू असताना फार्मसिस्टने सांगितलं होतं, दूध आणि गोळी एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं, म्हणून. लाइममध्ये खाण्याचा पक्का असा नियम मला तेवढाच माहीत आहे, आणि तो गोळ्या संपल्या की संपतो. बाकी कुठल्या खास आहाराने हा रोग जातो किंवा मागे उरलेला थकवा जातो, याला खात्रीचा पुरावा नाही. पण आपल्याकडे पथ्य म्हणजे काय सोडायचं, एवढंच डोक्यात असतं. डॉक्टरकडून बाहेर पडताना पेशंट पहिलं विचारतो, 'काय खायचं नाही?' काय खायचं, हे विचारणारे मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पुढची भांडाभांडी एका तरुण डॉक्टरशी. तो म्हणे लगेच दोन हजार कॅलरी आणि प्रोटीन पावडर सुरू करा. इतके महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं की रक्तातलं फॉस्फरस कोसळतं, हृदयावर येतं. मी अडून बसले. आधी फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या, थायमिन (बी-1) द्या. हजारापासून सुरुवात, दर तीन-चार दिवसांनी दीडशे वाढ, पहिले दहा दिवस पुन्हा पुन्हा रक्त तपासणी. मुगाचं वरण, मऊ भात, तूप, मग दही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. काकू खंडेराव मार्केटमधून लिंबं घेऊन आल्या.

मे महिन्यात ती आली तेव्हा वजन 49 होतं. मुंग्या जवळजवळ गेल्या होत्या. नवी वही होती, तीच दोन पेनं.

पहिल्या भेटीपासून ते पाच दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत, सव्वीसमध्ये न बसणारे. त्या दिवसांच्या आधी ती बरं जेवली होती. नव्या वहीतही एप्रिलचे सहा दिवस लाल होते. मी पुन्हा कडेला हिशेब मांडला. सतराशे, साडेसतराशे. वरण, पोळी, दही, सगळं जागच्या जागी. माझ्याकडे त्या सहा दिवसांसाठी कुठलीच वाटी नव्हती.

"मग हे कशामुळे?" ती म्हणाली.

"उपाशी राहिल्यामुळे नाही, एवढं नक्की. बाकी मला माहीत नाही."

सहापैकी एका दिवसापुढे तिने 'आमरस' लिहून खाली रेघ मारली होती. "आंबा बंद करू का?"

"नको."

तिने 'आमरस'वर काट मारली. वही मिटता मिटता पुन्हा उघडली आणि खोडलेल्या शब्दाशेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढलं.